जनुकांचे मौन आणि गुणसूत्रांचे स्थैर्य : यीस्टच्या पेशीतील एक सामाईक व्यवस्था

प्रस्तावना

जनुकशास्त्राचा पहिला पाठ शिकविताना जनुक म्हणजे प्रथिन तयार करण्याची माहिती असलेला डी.एन.ए.चा भाग, अशी व्याख्या दिली जाते. ही व्याख्या सुरुवातीसाठी ठीक आहे. परंतु तिच्यातून विद्यार्थ्यांच्या मनात दोन समज नकळत रुजतात. पेशीत जनुक आहे म्हणजे ते काम करीतच असणार, हा पहिला समज. गुणसूत्राच्या ज्या भागावरून काहीच तयार होत नाही तो भाग निरुपयोगी, हा दुसरा. पदवी वर्गापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही हे समज आढळतात.

वस्तुतः पेशी काही जनुके मुद्दाम मूक ठेवते आणि त्यासाठी सतत श्रम करते. या प्रक्रियेला जीन सायलेन्सिंग असे म्हणतात. गुणसूत्रांचे जे भाग मूक ठेवले जातात, त्यांपैकी बरेचसे भाग गुणसूत्र अखंड राहण्यासाठी आणि पेशीविभाजनाच्या वेळी त्याची योग्य वाटणी होण्यासाठी अत्यावश्यक असतात. मौन आणि स्थैर्य या दोन गोष्टी पेशीने एकाच व्यवस्थेच्या हाती दिल्या आहेत. हे सर्वांत स्पष्टपणे उलगडले ते यीस्ट या एकपेशीय बुरशीच्या अभ्यासातून. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा परामर्श घेतला आहे.

अभ्यासासाठी यीस्टच का?

पाव आणि नान यांचे पीठ ज्या खमिराने फुगते, त्यातील यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. ही पेशी कळी काढून वाढते, म्हणून तिला मुकुलक यीस्ट म्हणता येईल. पोषक माध्यमात साधारण दीड तासात तिची एक पिढी पूर्ण होते. तिच्या एकगुणी पेशीत १६ गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख बेसजोड्या आणि अंदाजे ६,००० जनुके असतात. तिचा संपूर्ण जनुकसंच १९९६ मध्ये वाचून पूर्ण झाला. केंद्रकयुक्त सजीवांमध्ये असा मान मिळविणारी ही पहिलीच प्रजाती होती.

दुसरे यीस्ट म्हणजे शायझोसॅकरोमायसिस पॉम्बे. ही पेशी मधोमध दुभंगून वाढते, म्हणून ती विखंडक यीस्ट. पॉम्बे हा स्वाहिली भाषेत बिअरसाठी असलेला शब्द आहे. पूर्व आफ्रिकेतील धान्याच्या बिअरमधून १८९३ मध्ये हे यीस्ट वेगळे करण्यात आले. याच्यात केवळ तीन गुणसूत्रे असतात.

दोन्ही यीस्ट एकगुणी अवस्थेत वाढू शकतात. त्यामुळे एखादे जनुक बिघडविले तर त्याचा परिणाम लगेच दिसतो. दुसरी प्रत तो झाकून टाकीत नाही. शिवाय या पेशींतील पुष्कळ प्रथिने मानवी पेशींतील प्रथिनांशी नाते सांगतात.

असूनही न बोलणारी जनुके

मुकुलक यीस्टच्या एकगुणी पेशींचे दोन संयोगप्रकार आहेत : 'ए' आणि 'अल्फा'. भिन्न प्रकारच्या दोन पेशींचा संयोग होऊन द्विगुणी पेशी तयार होते. पेशी कोणत्या प्रकारची आहे हे तिसऱ्या गुणसूत्रावरील 'मॅट' या स्थानी कोणती माहिती आहे त्यावरून ठरते. परंतु याच गुणसूत्राच्या दोन बाजूंना, एच.एम.एल. आणि एच.एम.आर. या स्थानी, अल्फा आणि ए माहितीच्या संपूर्ण प्रती असतात. या प्रतींमध्ये काही उणे नसते. तरीही त्या पूर्णपणे मूक असतात.

पेशी या मूक प्रतींचा उपयोग राखीव साठ्यासारखा करते. संयोगप्रकार बदलायचा झाल्यास 'मॅट' स्थानी डी.एन.ए. तोडला जातो आणि मूक प्रतीचा नमुना घेऊन तेथील माहिती बदलली जाते. ध्वनिफितीची कॅसेट यंत्रात घातली तरच ती वाजते, या उपमेवरून जेम्स हिक्स, जेफ्री स्ट्रॅदर्न आणि आयरा हर्स्कोविट्झ यांनी १९७७ मध्ये या सिद्धांताला कॅसेट प्रतिमान असे नाव दिले. या संशोधनात भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ अमर क्लार (१९४७–२०१७) यांचाही मोठा वाटा आहे.

मूक प्रती अचानक बोलू लागल्या तर काय होईल? एकगुणी पेशीत ए आणि अल्फा अशी दोन्ही माहिती एकाच वेळी कार्यरत होते. त्यामुळे पेशी स्वतःला द्विगुणी समजल्यासारखी वागते आणि संयोग करू शकत नाही. अशा वंध्य पेशींच्या शोधातूनच मौन राखणारी जनुके हाती लागली. मूक माहितीचे नियामक या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'सर' हे नाव मिळाले. सर-१ ते सर-४ अशी ही चार जनुके आहेत.

मौन कसे प्रस्थापित होते?

पेशीतील डी.एन.ए. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती रिळाला दोरा गुंडाळावा तसा गुंडाळलेला असतो. हिस्टोनच्या शेपट्यांवर अ‍ॅसिटिल गट जोडलेले असले की बांधणी सैल राहते आणि जनुके वाचता येतात. हे गट काढून टाकले की बांधणी घट्ट होण्यास वाव मिळतो.

मूक प्रतींच्या शेजारी डी.एन.ए.चे छोटे तुकडे असतात; त्यांना सायलेन्सर म्हणतात. त्यांवर रॅप-१, एबीएफ-१ आणि ओआरसी ही प्रथिने बसतात. ती सर प्रथिनांना बोलावून आणतात. मग सर-२ शेजारच्या हिस्टोनवरील अ‍ॅसिटिल गट काढते. असे मोकळे झालेले हिस्टोन सर-३ आणि सर-४ यांना घट्ट धरतात. त्यांच्यासोबत आणखी सर-२ येते व ते पुढच्या हिस्टोनवरील गट काढते. अशा रीतीने मौन एका टोकाकडून पुढे पसरत जाते. उलट बाजूने सॅस-२ हे प्रथिन अ‍ॅसिटिल गट जोडत असते, म्हणून हा प्रसार अमर्याद होत नाही. मौनाची सीमा ही या दोन विरोधी क्रियांच्या समतोलातून ठरते.

सर-२ हे कार्य कसे करते याचा उलगडा २००० मध्ये लिओनार्ड ग्वारेन्टे यांच्या प्रयोगशाळेत झाला. अ‍ॅसिटिल गट काढण्यासाठी सर-२ला एन.ए.डी. हा पदार्थ लागतो आणि प्रत्येक वेळी तो खर्ची पडतो. पेशीच्या ऊर्जाव्यवहारात एन.ए.डी.चे स्थान मध्यवर्ती आहे. मौन फुकट मिळत नाही, हे यावरून ध्यानात येते.

मौन वारशानेही मिळते. लॉरेन पिलस आणि जॅस्पर राइन यांनी १९८९ मध्ये सर-१ नसलेल्या पेशी तपासल्या. अशा पेशींच्या एकाच समूहात काही पेशी मूक प्रती मूकच ठेवीत होत्या, तर काहींमध्ये त्या बोलत होत्या. सर्वांचा डी.एन.ए. एकच होता, तरीही प्रत्येक पेशी आपापली अवस्था अनेक पिढ्यांपर्यंत लेकींना देत राहिली. डी.एन.ए.चा क्रम न बदलता होणारा हा वारसा म्हणजेच एपिजेनेटिक वारसा.

गुणसूत्राची टोके

वर्गात दाखविता येण्याजोगे उदाहरण डॅनिएल गॉटश्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. अ‍ॅडे-२ हे जनुक बंद असेल तर यीस्टमध्ये लाल रंगद्रव्य साठते. चालू असेल तर वसाहत पांढरी दिसते. हे जनुक गुणसूत्राच्या टोकाजवळ, म्हणजे टेलोमिअरजवळ, नेऊन बसविले तेव्हा एकाच पेशीपासून वाढलेल्या वसाहतींमध्ये लाल आणि पांढरे पट्टे दिसू लागले. जनुक तेच, पेशीही त्याच वंशातील. फक्त जागा बदलल्यामुळे ते काही पेशींत गप्प झाले. एखादी पेशी एका अवस्थेत गेली की तिच्या लेकी पुष्कळ काळ त्याच अवस्थेत राहतात, म्हणूनच ठिपक्यांऐवजी सलग पट्टे पडतात.

टेलोमिअरचे मूळ काम वेगळे आहे. ते गुणसूत्राच्या टोकाची झीज थांबविते आणि ते टोक म्हणजे तुटलेला डी.एन.ए. आहे असा पेशीचा गैरसमज होऊ देत नाही. यीस्टमध्ये टेलोमिअर सुमारे ३०० बेसजोड्यांचे असते आणि त्यावर तेच रॅप-१ प्रथिन बसते, जे सायलेन्सरवरही बसते. व्हिकी लुंडब्लाड आणि जॅक शोस्टाक यांनी १९८९ मध्ये असे यीस्ट शोधले, की ज्यात टेलोमिअर पिढ्यान्पिढ्या आखूड होत जाते आणि अखेर पेशींचा वंश खुंटतो. टेलोमिअरवरील कार्यासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे मौन आणि स्थैर्य यांची गाठ पडते. सर-३ आणि सर-४ नसलेल्या पेशींमध्ये टेलोमिअर काहीसे आखूड होते आणि गुणसूत्र गहाळ होण्याचे प्रमाण वाढते, असे १९९३ मध्ये आढळून आले. याउलट १९९७ मधील एका अभ्यासात सर-२ आणि सर-३ यांची अतिरिक्त सक्रियताही गुणसूत्रे गहाळ होण्यास कारणीभूत ठरते, असे दिसले. म्हणजे मौन कमी पडणे जसे घातक, तसेच त्याचा अतिरेकही.

शंभर ते दोनशे सारख्या प्रती

बाराव्या गुणसूत्रावर रायबोसोमच्या आर.एन.ए.ची जनुके एकापाठोपाठ सुमारे १०० ते २०० वेळा आलेली असतात. सारखे तुकडे ओळीने असले की ते एकमेकांशी अदलाबदल करू लागतात. त्यातून काही प्रती गळतात, तर काही वर्तुळाकार तुकड्यांच्या रूपाने सुट्या होतात. सर-२ अशी अदलाबदल रोखते, हे १९८९ मध्ये सिद्ध झाले. याच भागातील मौनही सर-२ वर अवलंबून असल्याचे १९९७ मध्ये दिसून आले.

मौनामुळे अदलाबदल का थांबते, याचे उत्तर २००५ मध्ये ताकेहिको कोबायाशी यांच्या संशोधनातून मिळाले. या प्रतींच्या मधल्या जागेत आर.एन.ए.ची निर्मिती सुरू झाली की तेथे डी.एन.ए.च्या दोन जुळ्या प्रतींना एकत्र बांधून ठेवणारी कोहेसिन नावाची कडी निसटते. बंध सुटल्यावर तुटलेला डी.एन.ए. चुकीच्या शेजाऱ्याशी जोडला जाण्याची शक्यता वाढते. सर-२ तेथील निर्मिती बंद ठेवते, म्हणून कडी जागेवर राहते. जनुक गप्प ठेवणे हेच येथे गुणसूत्र सांभाळण्याचे साधन ठरते.

विखंडक यीस्टमधील गुणसूत्रबिंदू

पेशीविभाजनात गुणसूत्र ज्या ठिकाणी सूक्ष्मनलिकांना जोडले जाते, तो भाग म्हणजे गुणसूत्रबिंदू, अर्थात सेन्ट्रोमिअर. मुकुलक यीस्टमध्ये हा भाग केवळ सुमारे १२५ बेसजोड्यांचा असतो. विखंडक यीस्टमध्ये मात्र तो सुमारे ४०,००० ते १,१०,००० बेसजोड्यांपर्यंत पसरलेला असून त्यात पुनरावृत्त क्रम भरपूर असतात. या बाबतीत ते मानवी पेशीच्या अधिक जवळ आहे.

येथे सर-३ आणि सर-४ नाहीत. मौनाची साधने निराळी आहेत. सीएलआर-४ हे प्रथिन हिस्टोन एच-३ वर ठरावीक जागी मिथिल गट जोडते आणि त्या खुणेवर स्वाय-६ हे प्रथिन येऊन बसते. ही खूण योग्य ठिकाणी पडावी यासाठी लघु आर.एन.ए. मदत करतात, हे २००२ मध्ये शिव ग्रेवाल आणि रॉबर्ट मार्टिनसेन यांच्या गटांनी दाखवून दिले. मूक समजल्या जाणाऱ्या भागावरून थोडा आर.एन.ए. तयार होतो, त्याचे तुकडे होतात आणि तेच तुकडे त्या भागाला मूक करण्याची वाट दाखवितात. मुकुलक यीस्टमध्ये ही आर.एन.ए. यंत्रणा नाही.

स्वाय-६ कोहेसिनला गुणसूत्रबिंदूजवळ आणून ठेवते. ते नसेल तर विभाजनाच्या वेळी काही गुणसूत्रे मागे रेंगाळतात आणि एका लेकीला जास्त, दुसरीला कमी गुणसूत्रे मिळतात.

या संदर्भात रॉबिन अलशायर यांच्या गटाने १९९७ मध्ये केलेला प्रयोग विशेष उद्बोधक आहे. त्यांनी विखंडक यीस्टच्या पेशींना अ‍ॅसिटिल गट काढणारी क्रिया रोखणारे औषध थोडा वेळ दिले आणि नंतर ते धुऊन टाकले. औषध गेले, तरी पुढील अनेक पिढ्यांपर्यंत काही पेशींमध्ये गुणसूत्रबिंदूजवळील मौन ढळलेले राहिले आणि त्या पेशी गुणसूत्रे गमावीत राहिल्या. डी.एन.ए.मध्ये उत्परिवर्तन झालेले नव्हते. गुणसूत्राचे स्थैर्य केवळ डी.एन.ए.च्या क्रमावर नव्हे, तर त्यावरील वारशाने चालत आलेल्या अवस्थेवरही अवलंबून असते, याचा यापेक्षा थेट पुरावा क्वचितच मिळेल.

प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष परिणाम

या विषयात निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. सर जनुके बिघडली की यीस्टला तुटलेल्या डी.एन.ए.ची टोके जोडणे जमत नाही, असे १९९० च्या दशकात आढळले. सर प्रथिने स्वतःच टोके जोडण्यास मदत करीत असावीत, असा तर्क त्यावरून पुढे आला. परंतु १९९९ मध्ये स्पष्ट झाले की बहुतांश परिणाम वळणाने होतो. मौन सुटल्यावर पेशीत ए आणि अल्फा या दोन्ही माहिती कार्यरत होतात. पेशी द्विगुणीसारखी वागू लागते आणि ही दुरुस्तीची पद्धत आपणहून मंदावते. त्यासाठी आवश्यक असलेले एनईजे-१ हे जनुकच या स्थितीत दबलेले असते, हे २००१ मध्ये कळले.

संशोधनपद्धती शिकविण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे. एक जनुक काढल्यावर एखादे कार्य थांबले, एवढ्यावरून ते कार्य त्या जनुकाचेच होते असे ठरत नाही. संयोगप्रकाराचा परिणाम वगळून पुन्हा प्रयोग करणे आवश्यक होते. तसे केले तेव्हाच उलगडा झाला.

मानवी आरोग्य आणि अवाजवी दावे

मौन आणि स्थैर्य यांचे नाते यीस्टपुरते मर्यादित नाही. सीएलआर-४ शी नाते असलेली दोन जनुके उंदरात निकामी केली असता गुणसूत्रांची संख्या बिघडते आणि अर्बुदांचा धोका वाढतो, असे २००१ मध्ये दिसून आले. मानवात आय.सी.एफ. या दुर्मीळ आजारात डी.एन.ए.वर मिथिल गट जोडणारे एक विकर सदोष असते. रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते आणि काही गुणसूत्रे गुणसूत्रबिंदूजवळ विस्कळीत झालेली आढळतात.

दुसरीकडे, याच संशोधनाचा आधार घेऊन वार्धक्य रोखण्याचे दावेही केले जातात. यीस्टची माता पेशी साधारण २० ते २५ वेळा विभागून थांबते. सर-२ ची एक जादा प्रत दिल्यास हे आयुर्मान सुमारे ३० टक्क्यांनी वाढते, असे १९९९ मध्ये आढळले. मानवात सर-२ शी नाते असलेली सात प्रथिने आहेत; त्यांना सर्टुइन म्हणतात. द्राक्षाच्या सालीतील रेसव्हेरॅट्रॉल सर्टुइनला चालना देते असे २००३ मध्ये जाहीर झाले आणि त्याच्या गोळ्या बाजारात आल्या. परंतु त्या चाचणीतील परिणाम चमकणाऱ्या रासायनिक जोडावर अवलंबून होता, असे २००५ मध्ये निदर्शनास आले. सर-२ वाढवून कृमी आणि फळमाशी यांचे आयुष्य वाढते, या निष्कर्षालाही २०११ मध्ये गंभीर आव्हान मिळाले. यीस्टमधील सर-२ चा लाभ मुख्यतः त्या बाराव्या गुणसूत्रावरील प्रती स्थिर ठेवण्याशी निगडित आहे. तो जसाच्या तसा माणसाला लागू होईल असे मानण्यास आधार नाही. विद्यार्थी जाहिरात वाचून प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना ही मधली पायरी दाखवून देणे हे शिक्षकाचेच काम आहे.

समारोप

यीस्टच्या अभ्यासातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. जनुकाचे अस्तित्व आणि जनुकाचे कार्य या दोन भिन्न बाबी आहेत. मौन ही रिकामी जागा नसून ऊर्जा खर्च करून राखलेली आणि वारशाने पुढे जाणारी अवस्था आहे. टेलोमिअर, पुनरावृत्त जनुके आणि गुणसूत्रबिंदू या तिन्ही ठिकाणी हीच अवस्था गुणसूत्राला सांभाळते. दोन यीस्टमधील साधने वेगवेगळी असली, तरी कार्य समान आहे. आणि या व्यवस्थेचा लाभ समतोलात आहे, अतिरेकात नाही.

अध्यापनात हा विषय स्वतंत्र प्रकरण म्हणून घेतलाच पाहिजे असे नाही. समसूत्री विभाजन शिकविताना गुणसूत्रबिंदूचे, उत्परिवर्तन शिकविताना १९९७ च्या औषधप्रयोगाचे आणि जनुकांचे नियंत्रण शिकविताना लाल-पांढऱ्या वसाहतींचे उदाहरण देता येईल. पट्टेदार वसाहतीची आकृती फळ्यावर काढून एवढाच प्रश्न विचारावा : या सर्व पेशींचा डी.एन.ए. सारखाच आहे, तर रंग दोन का? विद्यार्थी आधी उत्परिवर्तन हे उत्तर देतील. ते उत्तर का पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतः शोधून काढले की जनुकांच्या मौनाचा निम्मा पाठ पूर्ण झाला असे समजावे.